कुसर घरच्या बागेत फुलवताना

फाल्गुन संपत येतो तेव्हा सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळून गेलेले असते, ओढे आटलेले असतात आणि पावसाला अजून तीन महिने अवकाश असतो. नेमक्या याच दिवसांत कुसर ही रानवेल फुलू लागते आणि वैशाखापर्यंत टप्प्याटप्प्याने फुलत राहते. तिला रानमोगरा असेही म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव जास्मिनम मलबारिकम असे असून ते एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले स्कॉटिश डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी दिलेले आहे. मोगरा, जाई, जुई आणि कुंद ही सगळी याच प्रजातीतील भावंडे आहेत. मात्र ती माणसाच्या बागेत केव्हाच रुळली, आणि कुसर अजूनही रानातच राहिली आहे. तिची लागवड करताना जे काही वेगळे करावे लागते ते या एका फरकामुळे. तिचे रोप तयार करणे अवघड नाही, जगवणे तर त्याहून सोपे आहे. पण ती फुलली पाहिजे असे वाटत असेल तर वर्षातील काही महिने बागकाम करणाऱ्याने तिच्यापासून हात आखडता घ्यावा लागतो. बागेत लावलेली कुसर हिरवीगार वाढते आणि फुलत मात्र नाही, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा माझा पहिला संशय हिवाळ्यातल्या पाण्यावर असतो.

ओळख पटवणे

माथेरान, खंडाळा, महाबळेश्वर, आंबोली अशा घाटमाथ्यावरच्या जंगलांत आणि त्यांच्या पायथ्याच्या झुडपी रानांत कुसर आढळते. ही काष्ठमय, वेढे घेत चढणारी, झुडूपवजा वेल आहे. आधार मिळाला तर ती झाडाच्या फांद्यांपर्यंत पोहोचते आणि न मिळाल्यास स्वतःच्याच फांद्यांवर रेलत पसरट झुडपासारखी वाढते. पाने साधी, समोरासमोर, रुंद अंडाकृती आणि टोकाला निमुळती असतात. फुले फांद्यांच्या टोकांना घोसाने येतात. ती पांढरीशुभ्र आणि अतिशय सुवासिक असून त्यांना खाली बारीक नळी आणि वर अरुंद, टोकदार पाकळ्या असतात. पाकळ्यांची संख्या ठरलेली नसते. साधारण सहापासून दहापर्यंत ती कमीजास्त आढळते.

ओळखीकडे थोडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे, कारण याच मोसमात, याच रानात, पांढरी आणि सुगंधी फुले देणारी इतर झुडपेही असतात आणि घाईत त्यांचेच बी किंवा फांदी घरी येते. करवंदीची फुले लांबून अगदी मोगऱ्याच्या जातीची वाटतात, परंतु तिला काटे असतात आणि पान तोडताच पांढरा चीक येतो. पांढरा कुडा आणि काळा कुडा या दोन्हींची पानेही समोरासमोर असतात, मात्र तिथेही चीक निघतो आणि पाकळ्या न चुकता पाच असतात. कुसरीला चीकही नाही आणि काटेही नाहीत. त्यामुळे एक पान देठाशी तोडून पाहिले तरी निम्मा घोटाळा मिटतो. राहता राहिली सख्खी भावंडे. जुईचे पान त्रिदली असून देठाजवळच्या दोन पर्णिका कानाच्या पाळीएवढ्या छोट्या असतात. कुंद मुख्यतः हिवाळ्यात फुलतो आणि त्याच्या कोवळ्या फांद्यांवर व पानांवर दाट लव असते. फुलाचा हंगाम, पानाची घडण आणि पाकळ्यांची अनियमित संख्या या तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच ती कुसर समजावी.

रोप आणावे कोठून

रानात भेटलेली वेल उपटून आणू नये, हे सांगण्यामागे केवळ भावना नाही. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांतून परवानगीशिवाय वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे आणि राखीव वनांनाही वन कायद्याची बंधने लागू आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही हा मार्ग तोट्याचा आहे. जुन्या वेलीची मुळे खडकाच्या भेगांतून खोल गेलेली असतात आणि उपटताना हाती लागतो तो केवळ वरचा बुंधा. असा बुंधा कुंडीत लावल्यावर खोडातील साठ्यावर काही आठवडे पालवतो, मालकाला आशा लावतो आणि नंतर वाळतो.

देशी झाडांची रोपे करणाऱ्या रोपवाटिका आता मोठ्या शहरांच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे चौकशी करताना रोप बियांपासून केले आहे की कलमापासून, हे आवर्जून विचारावे. पिशवीत अंगठ्याएवढा जाड, वरून छाटलेला बुंधा आणि त्याला फुटलेले दोन-चार कोवळे कोंब दिसले, तर ते रोप रानातून उपटलेले असण्याची शक्यता मोठी असते. ते घेऊ नये. सरळ, पेन्सिलीपेक्षा बारीक खोड आणि पिशवीच्या छिद्रांतून डोकावणारी पांढरी मुळे ही पिशवीतच वाढलेल्या रोपाची चांगली खूण आहे.

ओळखीच्या कोणाच्या शेताच्या बांधावर, खाजगी माळरानावर किंवा बागेत कुसर असेल आणि मालकाची संमती असेल, तर रोप घरीच करावे. त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत बियांची. फुलोरा सरल्यावर धरलेली लहान, गोलसर फळे पिकली की काळी पडतात आणि पक्षी ती खातात, म्हणून पावसाळ्याच्या आगेमागे वेलीवर लक्ष ठेवावे लागते. फळे मिळाली की गर चोळून धुऊन टाकावा आणि बी सावलीत एखादा दिवस सुकवून लगेच पेरावे. वर्षभर डबीत ठेवलेल्या बियांवर भरवसा ठेवू नये. तांबडी माती, वाळू आणि चाळलेले शेणखत समप्रमाणात घेऊन भरलेल्या पिशवीत बी सुमारे एक सेंटिमीटर खोल टाकावे आणि पिशव्या पावसाचा मारा लागणार नाही अशा, पण उजेडाच्या जागी ठेवाव्यात. सगळे बी एकदम उगवत नाही. काही पिशव्या मागाहून हिरव्या होतात, म्हणून रिकाम्या दिसणाऱ्या पिशव्या पावसाळा संपेपर्यंत उलट्या करू नयेत.

दुसरी रीत दाब कलमाची, आणि घरगुती बागेसाठी मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. जून किंवा जुलै महिन्यात जमिनीलगतची, आदल्या वर्षी वाढलेली, बोटाने सहज वाकणारी फांदी निवडावी. टोकापासून हात-दीड हात अंतरावर एका पेराच्या खाली तिरका छेद द्यावा. हा छेद फांदीच्या निम्म्या जाडीपर्यंतच जावा. छेद मिटू नये म्हणून त्यात बारीक काडी अडकवावी, तो भाग दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल मातीत पुरावा आणि वर दगड ठेवावा. दगडामुळे फांदी जागेवर राहते आणि खालची माती ओलसर राहते. मूळ वेल फांदीला अन्न पुरवत असते, त्यामुळे पाणी एखाद्या दिवशी चुकले तरी बिघडत नाही. मोगरावर्गीय झाडांच्या कलमांना चांगली मुळे धरण्यास तीन ते चार महिने लागतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास माती हळूच बाजूला करून मुळे पाहावीत आणि ती भरपूर असतील तरच फांदी मूळ वेलीपासून तोडावी.

तिसरी रीत छाट कलमांची. पावसाळ्याच्या सुरुवातीला अर्धवट पक्व फांदीचे तीन-चार पेरांचे, बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीचे तुकडे घ्यावेत, वरची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, खालचे टोक मुळे फुटण्याच्या संजीवकाच्या पुडीत बुडवावे आणि धुतलेल्या वाळूत लावावे. वर पारदर्शक पिशवीचे आच्छादन घातल्यास हवेत ओलावा टिकतो. यात मर बरीच होते, म्हणून दोन वेली हव्या असतील तर दहा-बारा तुकडे लावावेत.

या रीतींतून निवड करताना एक गोष्ट विचारात घ्यावी. कलमाचे रोप बियांच्या रोपापेक्षा लवकर फुलते, कारण ते वयात आलेल्या फांदीचे असते. बियांच्या रोपाला काही वर्षे धीर धरावा लागतो. मात्र या प्रजातीतील अनेक जातींमध्ये फुलांचे दोन नमुने असतात. काही वेलींच्या फुलांत स्त्रीकेसराचे टोक नळीच्या तोंडाशी येते आणि परागकोश आत खोल राहतात, तर काहींत हे उलट असते. आणि एका नमुन्याचे पराग दुसऱ्या नमुन्याच्या फुलावर पोहोचले तरच फळ नीट धरते. एकाच वेलीची कलमे कितीही लावली तरी त्या सगळ्या एकाच नमुन्याच्या राहणार. केवळ सुगंध हवा असेल तर त्याने काही बिघडत नाही. पक्ष्यांना फळे आणि पुढच्या पिढीला बी मिळावे असे वाटत असेल, तर दोन वेगवेगळ्या वेलींची कलमे किंवा निदान एक बियांचे रोप शेजारी असावे.

जागा, माती आणि लागवड

कुसर सावलीत जगते, पण फुलण्यासाठी तिला दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन लागते. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर पूर्ण उन्हाची जागा चालते. विदर्भ आणि मराठवाड्यात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या बराच वर जातो, तिथे सकाळचे ऊन आणि दुपारनंतर भिंतीची किंवा झाडाची सावली अशी जागा निवडावी. अन्यथा फुले उमलतात तशी करपतात. शक्य असेल तर वेल ओसरी, पायऱ्या किंवा शयनगृहाच्या खिडकीजवळ लावावी, कारण फुले संध्याकाळी उमलतात आणि वासाचा खरा भर रात्री असतो.

मातीबाबत तिची मागणी एकच आहे: पाणी थांबता कामा नये. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तरीही तिथल्या उतारांवर वेली कुजत नाहीत, कारण जांभ्याच्या सच्छिद्र मातीतून पाणी निचरून जाते. कोकणात आणि गोव्यात ही माती आयती मिळते; तिथे खड्ड्यात शेणखत मिसळण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. खरी अडचण काळ्या, चिकण मातीची आहे. अशा जमिनीत खोल खड्डा करून त्यात चांगली माती भरली, तर पावसाळ्यात सभोवतालचे पाणी त्याच खड्ड्यात उतरते आणि तो हौद बनतो. त्यामुळे काळ्या मातीत खड्ड्याऐवजी उंचवटा करावा. जमिनीपासून एक-दीड फूट उंचीचा, तीन फूट रुंदीचा वाफा करावा. त्यात दोन भाग तांबडी माती, एक भाग बारीक मुरूम आणि एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे आणि वेल त्यावर लावावी. मुळे पुढे आपण होऊन काळ्या मातीत उतरतात, परंतु मानेजवळचा, म्हणजे खोड आणि मुळे जिथे मिळतात तो भाग कोरडा राहतो.

लागवड पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर करावी. रोपाची मान जमिनीच्या पातळीच्या किंचित वर राहील असे बघावे. लावल्याबरोबर पाणी द्यावे आणि पावसाने उघडीप दिली असेल तर तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे लागवडीनंतरचे दुसरे पाणी, द्यावी. नंतर पाऊस पुरेसा असतो. आधार लागवडीच्या वेळीच उभा करावा, कारण वाढलेल्या वेलीच्या मुळांशी नंतर खांब ठोकणे धोक्याचे असते. कुंपण, लोखंडी कमान, जाळी किंवा जिवंत झाड यांपैकी काहीही चालते. जिवंत झाडाचा आधार द्यायचा असल्यास तो मोठ्या, जुन्या झाडाचा असावा. लहान आंब्याला किंवा चिकूला ती वरून झाकून टाकते.

सदनिकेत राहणाऱ्यांना कुंडीचा पर्याय आहे, आणि तो वाईट नाही. सोळा ते अठरा इंच तोंडाची आणि तितकीच खोल कुंडी घ्यावी. तळाची छिद्रे खापरांनी झाकावीत आणि मिश्रणात मुरूम किंवा जाड वाळूचे प्रमाण वाढवावे. बाजारातील तयार मिश्रणांत नारळाच्या भुशाचे प्रमाण मोठे असते आणि तो पाणी फार काळ धरून ठेवतो. कुसरीसाठी असे मिश्रण जसेच्या तसे वापरू नये. कुंडीत बांबूच्या तीन काठ्या वर एकत्र बांधून रोवाव्यात आणि वेलीला त्यांच्याभोवती फिरवावे.

ताण

आता मुख्य मुद्दा. फळबाग करणाऱ्या शेतकऱ्याला बहार धरणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. डाळिंब असो की संत्रे, बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो आणि मग ठरलेल्या वेळी पाणी सोडून तो तोडावा लागतो. मोगरा करणारेही हे जाणतात. कुसरीच्या बाबतीत हा ताण सह्याद्रीत निसर्गच देतो: जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो धो पाऊस, ऑक्टोबरात शेवटच्या सरी आणि त्यानंतर पुढच्या जूनपर्यंत जवळजवळ काहीच नाही. पावसाळ्यात फांद्या वाढतात, हिवाळ्यात त्या वाढ थांबवून पक्व होतात आणि वसंतात त्यांच्याच टोकांना कळ्यांचे घोस येतात. बागेत मात्र रोज सकाळी नळी फिरते, ठिबकचा नळ वर्षभर टपटपत राहतो आणि वेलीला थांबण्याचे कारणच मिळत नाही. ती जानेवारीतही कोवळी पालवी काढत राहते, आणि पालवी फुटत असलेल्या टोकाला कळी येत नाही.

म्हणून पाण्याचे वेळापत्रक महिन्यांनुसार ठेवावे. पावसाळ्यात पाणी देण्याचा प्रश्नच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, पाऊस गेल्यावर, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, कारण या काळात फांद्या भरत असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून दोन पाळ्यांमधले अंतर वाढवत जावे आणि डिसेंबर लागला की जमिनीत लावलेल्या, दोन पावसाळे पाहिलेल्या वेलीचे पाणी पूर्णपणे बंद करावे. बुंध्याजवळून जाणारी ठिबकची नळी बंद करावी, आणि शेजारी हिरवळ किंवा वार्षिक फुलझाडे असतील तर त्यांचे पाणी मुरून तिच्या मुळांशी येत नाही ना, हे पाहावे. हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. वेलीला पाणी दिलेले नसते, पण दोन फुटांवरच्या शेवंतीला दिलेले असते.

ताणाच्या काळात पाने फिकट होतील, दुपारी थोडी मलूल दिसतील आणि खालची काही गळतीलही. या वेळी दया येऊन पाणी घातले तर आधीच्या महिन्याची मेहनत वाया जाते, कारण वेल लगेच पालवते. तरीही ताण आणि मरण यांतला फरक कळायला हवा. सकाळी पाने ताठ होत असतील तर काळजी नको. सकाळीही ती लोंबत असतील आणि कोवळ्या फांद्यांच्या सालीला सुरकुत्या पडू लागल्या असतील, तर बुंध्यापासून हातभर अंतरावर एक-दोन तांबे पाणी द्यावे आणि पुन्हा थांबावे. पहिल्या दोन वर्षांतील रोपांना हा ताण देऊ नये. त्यांची मुळे उथळ असतात आणि त्यांच्याकडून फुलांची अपेक्षाही नसते. कुंडीतील वेलीला पूर्ण ताण कधीच देता येत नाही, कारण तिच्या मुळांना खोल जायला जागा नाही. तिथे वरची दोन इंच माती खडखडीत कोरडी झाल्यावर आणखी दोन-तीन दिवस थांबावे आणि मग पेलाभर पाणी द्यावे, एवढाच संयम पुरतो.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, थंडी ओसरू लागली की, फांद्यांची टोके रोज पाहावीत. टोकांशी टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांचे पुंजके दिसू लागले की ताण तोडण्याची वेळ झाली. पहिले पाणी हलके द्यावे, चार-पाच दिवसांनी दुसरे त्याहून अधिक आणि त्यानंतर आठवड्याला एक भरपूर पाळी सुरू करावी. कोरड्या मुळांवर एकदम पाण्याचा लोंढा सोडल्यास कळ्या गळण्याची भीती असते. पुण्यासारख्या कोरड्या हवेच्या शहरात मार्चपासून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच जाड आच्छादन करावे. मुंबईच्या दमट हवेत ते पातळ असले तरी चालते. आच्छादन खोडाला भिडू देऊ नये.

खताचा नियमही याच वेळापत्रकातून निघतो. वर्षातून एकदा, मृगाच्या सुमारास, पूर्ण वाढलेल्या वेलीला दोन घमेली कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्यावी. गणपतीनंतर नत्रयुक्त खत अजिबात देऊ नये, कारण त्याने हिवाळ्यात पालवी येते. लाकडाची राख पालाशसाठी चांगली असली तरी ती केवळ कोकणातील आम्लधर्मी मातीत वापरावी. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ती घातल्यास आधीच जास्त असलेला सामू (पीएच) आणखी वाढतो आणि लोहाची कमतरता होऊन कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अशी खूण दिसल्यास एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून सकाळी किंवा संध्याकाळी पानांवर फवारावे.

छाटणी

मोगऱ्याची छाटणी हिवाळ्यात करण्याची पद्धत आहे, कारण तो नव्या फुटीवर फुलतो. त्याच सवयीने कुसरीवर डिसेंबर-जानेवारीत कात्री चालवली, तर फांद्यांच्या ज्या टोकांना घोस यायचे असतात तीच टोके कापली जातात आणि वसंत कोरडा जातो. कुसर छाटायची ती फुलोरा आटोपल्यावर, मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या बाजूला गुंतलेल्या फांद्या मुळाशी कापाव्यात. उरलेल्या फांद्यांची लांबी एक तृतीयांशाने कमी करावी. चार-पाच वर्षांनी बुंधा उघडा पडून सगळी पालवी वर गेलेली असेल, तर एखाद-दुसरी जुनी फांदी जमिनीपासून हातभर ठेवून तोडावी. पावसात तिला खालून जोमदार धुमारे फुटतात. सगळ्या जुन्या फांद्या एकाच वर्षी तोडू नयेत. फळे हवी असतील तर काही घोस न छाटता ठेवावेत.

कुंडीतल्या वेलीची छाटणी थोडी कडक करावी आणि दर दोन वर्षांनी त्याच वेळी ती कुंडीतून काढून बाहेरची गुंतलेली मुळे दोन बोटे जाडीने कापून, ताजे मिश्रण भरून पुन्हा लावावी.

कीड आणि इतर तक्रारी

देशी झाडाला कीड लागत नाही, हा समज खरा नाही. कीड लागते, पण वेल सहसा तिला पुरून उरते. उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी दिसल्यास दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूस जोरात पाणी मारावे, एवढे बहुधा पुरते. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी यांसाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून फवारावे, पण कळ्या उमलू लागल्यावर फवारणी थांबवावी. कळ्या जांभळट पडून गळत असतील आणि त्यांना बारीक छिद्रे असतील, तर त्या कळी पोखरणाऱ्या अळीने खाल्लेल्या असतात. त्या वेचून नष्ट कराव्यात, जमिनीवर पडू देऊ नयेत. शेपटीवर शिंग असलेली बोटभर जाड अळी आढळली तर ती हॉकमॉथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या निशाचर पतंगांच्या गटातली असते. ती पाने भराभर खाते, पण एकदोनच असते. तिला उचलून कुंपणाबाहेरच्या झुडपावर सोडणे हा पुरेसा उपाय आहे. पावसाळ्यात सबंध वेल अचानक मलूल झाली आणि माती ओली असूनही पाने लोंबू लागली, तर मात्र फवारणीचा उपयोग नाही: मुळे कुजत आहेत, निचऱ्यासाठी लगेच चर काढावा आणि निरोगी फांद्यांची छाट कलमे त्याच दिवशी लावून ठेवावीत.

फुले काढणे

गजऱ्यासाठी फुले हवी असतील तर ती उमलण्याची वाट पाहू नये. दुपारी चार-पाचच्या सुमारास टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या, पण मिटलेल्या कळ्या देठासह खुडाव्यात आणि ओल्या फडक्यात ठेवाव्यात. संध्याकाळी गुंफेपर्यंत त्या उमलू लागतात. कुसरीच्या पाकळ्या मोगऱ्याइतक्या जाड नसतात, त्यामुळे गजरा सकाळपर्यंत टवटवीत राहील अशी अपेक्षा करू नये आणि दोरा घट्ट ओढू नये. घोस संपूर्ण तोडण्याऐवजी कळ्या वेचून काढल्यास त्याच घोसातल्या मागच्या कळ्या पुढचे काही दिवस उमलत राहतात. वेलीवर निम्मी तरी फुले राहू द्यावीत. पांढरा रंग, लांब नळी आणि रात्रीचा सुगंध ही सगळी रचना निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी आहे, आणि अंगणातला दिवा रात्रभर पेटता न ठेवल्यास ते येताना दिसतातही. ज्येष्ठात घोसांवर फळे धरलेली आढळली तर त्यांतील काही पातळ कापडाच्या पिशवीने झाकून ठेवावीत, म्हणजे पक्ष्यांच्या आधी थोडे बी हाती लागते आणि त्याच पावसाळ्यात पेरता येते.